उजव्या कुशीवर

झोया आणि रेहान,

तुमच्या अब्बांनी तुम्हाला सांगितलं आहे की रुक्साना चाचीच्या निष्काळजीपणामुळे दादीचे पाय गेले. ते खरं नाही. खरं काय झालं ते आधी फक्त मला ठाऊक होतं, मग चाचीला कळलं, आणि आता तुम्हाला कळायला हवं. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या ओळखीत कुणाला मणक्याचा टीबी झाला तर त्यांनाही खुशाल वाचायला द्या, त्यांना थोडा उपयोग होईल. पण मुळात हे तुमच्यासाठी आहे, कारण पावसाळ्यापासून तुम्ही चाचीशी एक शब्द बोलला नाहीत. रविवारी सकाळी कॅनडाहून फोन येतो, "दादी कशी आहे" विचारता आणि ठेवता. पूर्वी तिला बिर्याणीचा मसाला विचारायचात.

मी पस्तीस वर्षं शहापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, मग मराठीत का लिहिते, असं वाटेल तुम्हाला. इंग्रजीत मी फार व्यवस्थित लिहिते, आणि व्यवस्थित वाक्यांच्या मागे माणसाला लपता येतं. दुसरं कारण शेवटी सांगेन. सुट्ट्यांमध्ये मी तुमच्याकडून बाराखडी घोटून घेतली आहे. वाचता येईल. अडलात तर मोठ्यानं वाचा.

सव्वातीन

रेहान पाच वर्षांचा असताना रात्री पाणी प्यायला उठला आणि पांढऱ्या ओढणीत मला नमाजेच्या मुसल्ल्यावर बघून किंचाळला होता. त्याला आठवत नसेल. तेव्हा त्याला समजावलं होतं की पाच नमाजा फर्ज, म्हणजे बंधनकारक, असतात, त्यांच्यासाठी मशिदीतून हाक येते. तहज्जुदला कुणी हाक मारत नाही. रात्री झोपायचं, मग आपली आपण झोप मोडायची आणि पहाट व्हायच्या आत ती नमाज पढायची. नाही पढली तर गुनाह नाही. पढली तर कुणाला कळत नाही.

तुमचे दादा, म्हणजे आजोबा, गेले त्या वर्षी मी ती सुरू केली. एकोणीस वर्षं. सव्वातीनचा गजर, वुजूचं हातपाय-तोंड धुणं, आठ रकात म्हणजे नमाजेची आठ आवर्तनं, शेवटची वित्र, आणि मग दुआ. दुआमध्ये तुमची सगळ्यांची नावं, वयाच्या क्रमानं. लग्नाच्या घरी असले तरी, ताप असला तरी. लोकांना मी कधी सांगितलं नाही, पण मनातल्या मनात शाळेसारखं हजेरीपत्रक ठेवलं होतं आणि त्यात एकही गैरहजेरी नाही याची मला फुशारकी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या फुशारकीतून झालं.

रुक्सानाला मी एकदा म्हटलं होतं, "उठून बघ गो कधीतरी माझ्याबरोबर."

ती म्हणाली, "अम्मा, तहज्जुद झोप झालेल्या माणसांची. आमाला अजून झोपच पुरत नाय."

मला त्या वेळी ते उद्धट वाटलं होतं.

कल्याणची फिल्म

पाठ सहा महिने दुखत होती. रात्री अंग घामानं भिजायचं, संध्याकाळी कणकण असायची, वजन उतरत होतं. मुरबाडच्या डॉक्टरांनी वयाचं म्हणून मलम दिलं, मीही वयाचंच समजले. मग एके दिवशी सजद्यातून डोकं वर काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मुसल्ल्यावरच आडवी झाले. नासिर चाचांनी दुसऱ्या दिवशी कामावर सुट्टी टाकून मला कल्याणला एमआरआयला नेलं.

त्या नळीत अर्धा तास हलायचं नसतं. हातात एक रबरी फुगा देतात, घाबरलात तर दाबा म्हणतात. मी दाबला नाही, पण सबंध वेळ मूठ त्याच्यावरच होती. नळीबाहेर पुढच्या वर्षभरात मला कुणी तसा फुगा दिला नाही.

शहापूरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी फिल्म काचेवर लावली. तरुण मुलगा, माझ्याच शाळेतून गेलेला असू शकेल इतका. पाठीच्या मधोमध दोन मणके एकमेकांत विरघळल्यासारखे दिसत होते. सुईनं पाणी काढून तपासल्यावर चार दिवसांनी त्यानं नाव सांगितलं. मला कॅन्सरची भीती होती, म्हणून टीबी ऐकल्यावर क्षणभर आनंदच झाला. मग बाहेरच्या बाकावर नासिर माझ्या कानात म्हणाला, "अम्मा, गावात मणका सरकलाय म्हणून सांगूया," आणि तो आनंद गेला. मीही मान हलवली. खोटं बोलायला आम्ही दोघांनी तिथूनच सुरुवात केली.

डॉक्टरांनी सांगितलं: वर्ष-दीड वर्ष गोळ्या. पहिले तीन महिने सपाट पाठीवर. बसायचं नाही. पुढे उठवलं तरी छातीपासून कमरेपर्यंतचा पट्टा बांधूनच, आणि तो दोन माणसांनी बांधायचा. वाकायचं नाही.

"म्हणजे किती दिवस वाकायचं नाही?"

"मॅडम, वाकायचंच नाही. मणका ढासळला तर नसांवर येईल. पाय जातील."

"नमाज?"

"झोपून करा ना. देवाला चालतं."

देवाला काय चालतं हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. आणि खरंच माहीत होतं. आजाऱ्याला उभं राहता येत नसेल तर त्यानं बसून पढावी, बसता येत नसेल तर आडवं पढावी, सवाब, म्हणजे पुण्य, कमी होत नाही. लहानपणी मदरशात पाठ केलेलं. ठाऊक असणं आणि पटणं यांत फार अंतर असतं, बाळांनो.

सुमनबाईंचा डबा

वॉर्डात नऊ खाटा होत्या. पहाटे चारला दिवे लावून ताप घ्यायचे, सहाला चहा, आठला चादर बदलायची. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. कूस बदलणं म्हणजे आपण वळणं नव्हे. हात छातीवर घट्ट धरायचे, दोन माणसं खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालतात, "एक, दोन, तीन" म्हणतात आणि लाकडाच्या ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम फिरवतात. मधेच आपण मदत करायला जायचं नाही. मला ते जमायचं नाही. मी दर वेळी "दोन"लाच खांदा हलवायची.

"आजी, ओंडका कदी मदत करतो का?" सुमनबाई ओरडायच्या. त्या वॉर्डातल्या आया. खर्डीहून यायच्या.

वुजूला पाणी घेता येत नव्हतं, म्हणून मला तयम्मुम करायचं होतं. त्याला कोरडी, स्वच्छ, धुळीची माती लागते. हात मातीवर टेकवायचे, मग चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचे. हॉस्पिटलात माती कुठली? सुमनबाईंना मी हे बिचकत सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या पिशवीतून स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत त्यांच्या शेताच्या बांधावरची माती होती, उन्हात वाळवून पिठाच्या चाळणीनं चाळलेली.

"चाळणी बाद झाली तुमच्यापायी," त्या म्हणाल्या. "पण खडा एक घावायचा नाय."

दुपारी सिस्टरनं डबा उघडून वास घेतला आणि म्हणाली, "घरचं नाचणीचं पीठ का? सत्त्व करून देऊ?" बाजूच्या खाटेवरची बाई हसून हसून टाके धरून बसली. सबंध आजारपणात मी मनापासून हसले ती एवढीच वेळ. तो डबा अजून माझ्या उशाशी आहे.

आता मुख्य अडचण. आपल्या कोकणी माणसांच्या शाफई रिवाजात आडवं पढायची तर उजव्या कुशीवर, तोंड किबल्याकडे करून पढतात. किबला म्हणजे मक्केची दिशा, आपल्याकडे पश्चिमेला. म्हणजे डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, तोंड पश्चिमेला. कबरीत माणसाला असंच ठेवतात. तुमच्या दादांना असंच ठेवलं होतं, पुरुषमंडळींनी येऊन मला सांगितलं होतं.

माझी खाट नेमकी उत्तर-दक्षिण होती. सुमनबाई म्हणाल्या, "उत्तरेला उशी? आमच्याकडं लोक म्हणतात, मेलेल्या माणसाची."

"आमच्याकडंही," मी म्हटलं.

त्यांनी आणि सिस्टरनं मला उजव्या कुशीवर फिरवलं. समोर फूटभर अंतरावर भिंत. पाठीला उशी लावलेली, पुढे उशी लावलेली, हलायला जागा नाही. डोळ्यांच्या इशाऱ्यानं वाकण्याचा रुकू केला, इशाऱ्यानं कपाळ टेकायचा सजदा केला. शेवटचा सलाम फिरवायला मान वळवली तर वरच्या बाजूला छत दिसलं. मला घुसमटल्यासारखं झालं. नमाज संपली होती आणि मी तिथून उठू शकत नव्हते. कुणीतरी येऊन फिरवेपर्यंत तशीच.

मधली खोली

तीन आठवड्यांनी घरी आणलं. मधल्या खोलीत फळीची खाट टाकली, डोकं उत्तरेला. हातात एक छोटा आरसा ठेवला होता, तो तिरका धरला की खिडकीतून चिंचेचं झाड दिसायचं आणि रस्त्यावरून शहापूरकडे जाणारी एसटी. ही युक्ती आडव्या माणसानं जरूर करावी. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. गोळ्यांनी तोंडाची चव जाते, त्याचा राग स्वयंपाक करणाऱ्यावर काढू नये. मी काढला.

नासिर चाचा मुरबाडच्या कारखान्यात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. म्हणजे बाकी सगळं रुक्साना. बेडपॅन, अंग पुसणं, गोळ्या, पाच वेळा तयम्मुमचा डबा पुढे धरणं, पाच वेळा उजव्या कुशीवर करणं आणि पुन्हा पाठीवर. मी तिच्यासाठी वेळापत्रक तयार करून भिंतीला चिकटवायला लावलं होतं. एकदा ती दहा मिनिटं उशिरा आली तेव्हा मी आरशातून घड्याळाकडे बोट केलं.

"अम्मा," ती म्हणाली, "तुमची शाळा सुटून बारा वरसं झाली. आमाला घरी सोडा की आता."

नासिर रात्रपाळीला असला की ती एकटी मला वळवायची, चादरीचं टोक धरून ओढून. डॉक्टरांनी दोघांनी वळवा असं सांगितलं होतं. तिचं वजन ते काय, पण तिनं हिसका कधी दिला नाही. माझ्या कानाशी ती "एक, दोन, तीन" म्हणायची आणि तिच्या हाताला लसणाचा वास यायचा.

तहज्जुद सुटली होती. गोळ्यांनी झोप यायची, तरी सव्वातीनला जाग यायचीच, गजराशिवाय. घंटी उशाशी होती. वाजवली असती तर ती उठली असती. मी वाजवली नाही. तुम्हाला वाटेल, दादीला सुनेची दया आली. थोडी आली असेल. पण खरं कारण वेगळं होतं. रात्री, अंधारात, त्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून मला पढायचं नव्हतं. मला सजदा हवा होता. जमिनीला कपाळ.

सहा रात्री

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी दुखणं कमी झालं. वजन किलोभर वाढलं. मला वाटलं, हाड भरलं असणार. डॉक्टरांना विचारायला अजून पंधरा दिवस होते.

एका रात्री नासिर कामावर असताना सव्वातीनला मी स्वतःच कुशीवर झाले, पाय खाली सोडले आणि खिडकीचे गज धरून उभी राहिले. पट्टा नव्हता, तो एकटीला बांधता येत नाही. पाय थरथरत होते, पण उभे राहिले. मुसल्ला खाटेखाली होता, तो पायाच्या बोटांनी ओढून काढला. दोन रकात. सजद्यात गेले तेव्हा जमिनीचा गारवा कपाळाला लागला आणि मी रडले. दोन महिन्यांनी छताऐवजी काहीतरी वेगळं दिसलं होतं, अगदी जवळून, मुसल्ल्याचे धागे. हे मी आजही नाकारत नाही. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात गोड नमाज होती आणि ती मी चोरून पढले होते.

अशा सहा रात्री. प्रत्येक रात्री मुसल्ला घडी करून जागच्या जागी. चादर सारखी. सकाळी रुक्साना विचारायची, "झोप लागली ना?" आणि मी "हो" म्हणायची.

सहाव्या रात्री सजद्यातून उठताना पाठीत काहीतरी बसकलं. आवाज मोठा नव्हता, कोरडी शेंग फुटावी तेवढा. मग कमरेखाली मुंग्या, आणि मुंग्या थांबल्यावर काहीच नाही. खाट हातभर अंतरावर होती. कोपरांवर सरपटत, खाटेचा पाय धरून, मग गज धरून मी स्वतःला वर ओढलं. पहाटेची, फजरची अजान झाली तेव्हा कुठे मी चादर अंगावर घेत होते. मुसल्ला मात्र आधी घडी करून ढकलला होता. तेवढं सुचलं.

सकाळी रुक्सानानं पाय पुसायला घेतले. मला तिचा हात कळला नाही.

"कुणी वळवलं?"

पुन्हा शहापूर, पुन्हा कल्याणची नळी, पुन्हा शहापूर. मणका ढासळला होता, नसेवर दाब आला होता. डॉक्टरांनी खाटेशी उभं राहून विचारलं, "पडल्या का? उठल्या होत्या का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग वळवताना काही? कुणी वळवलं काल रात्री?"

"मी," रुक्साना म्हणाली. "हे रात्रपाळीला होते."

"एकटीनं?"

तिनं मान डोलावली. तिचा चेहरा माझ्या आरशात दिसत होता. मी आरसा पालथा ठेवला.

मला बोलायला तेवढा एक क्षण होता आणि तो गेला. मग दुसरा आला, तोही गेला. संध्याकाळी तुमच्या अब्बांचा फोन आला, नासिरनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता. तुमचे अब्बा म्हणाले, "एवढं साधं काम होतं तिच्याकडे. दुसरं काय करते ती दिवसभर?" रुक्साना दारात डबे घेऊन उभी होती. तिनं डबे खाली ठेवले आणि पायऱ्या उतरून गेली. नासिरनं भावाचा फोन ठेवला, बायकोच्या मागे गेला नाही. तो बराच वेळ माझे पाय चोळत राहिला. त्या पायांना काही कळत नव्हतं.

माझ्या खोटेपणाचा आणखी एक परिणाम झाला. मी पडले नाही म्हटल्यावर डॉक्टरांना शंका आली की गोळ्या लागू पडत नाहीत. पुन्हा सुई घातली, पुन्हा तपासण्या केल्या. तीन आठवडे वाट बघू, नाहीतर ठाण्याला ऑपरेशन, असं म्हणाले. हे सगळं मी मुकाट्यानं सहन केलं आणि मानून घेतलं की सहन करते आहे म्हणजे फेडते आहे.

भिंतीपलीकडे

घरी परत आणलं तेव्हा मी खरोखर ओंडका झाले होते. आता कुणाला "मदत करू नका" म्हणावं लागत नव्हतं. रुक्साना मला एकटी कधीच वळवत नव्हती. रात्रपाळीच्या आठवड्यात शेजारच्या बाईला हाक मारून आणायची, रात्री दहालासुद्धा, आणि मला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी बिस्मिल्ला म्हणायची, आधी एकदा, मग पुन्हा एकदा. वेळापत्रक तिनं अगदी मिनिटाला पाळलं. टोमणा एकही मारला नाही. घर फार शांत झालं.

आणि मग एका रात्री सव्वातीनला मला जाग आली तेव्हा मोरीत पाण्याचा आवाज होता. मग शेजारच्या खोलीत मुसल्ला अंथरल्याचा आवाज. मधली भिंत अर्ध्या विटेची आहे, वर उघडी. मला तिचा सलाम ऐकू आला. मग दुआ. ती दुआ मराठीत मागते, आपल्या घरच्या बोलीत.

"या अल्ला, माज्या हातानं अम्माचे पाय गेले. मी त्या दिवशी दमले होते, हात नीट लावला नसंल. मला कळलं पण नाय कवा झालं. तिला पाय दे आन मला माफ कर."

जिला झोप पुरत नव्हती ती बाई रोज उठत होती. जो गुनाह तिनं केला नव्हता त्याची माफी मागायला. आणि मी भिंतीच्या या बाजूला, उठू शकत नव्हते, निघून जाऊ शकत नव्हते, कूस सुद्धा बदलू शकत नव्हते. ऐकायचं एवढंच. हात मोकळे होते, कान झाकता आले असते. झाकले नाहीत, एवढंच म्हणू शकते.

मला मदरशातला आणखी एक धडा पाठ होता. अल्लाचा हक्क अल्ला माफ करतो. बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क बंद्यानंच माफ करायचा असतो, तो अल्लाही परस्पर माफ करत नाही. एकोणीस वर्षं मी रात्री उठून वर हात पसरत होते, आणि आता जे मागायचं होतं ते शेजारच्या खोलीतल्या बाईकडे मागायचं होतं. त्याला वुजूही लागत नव्हतं, उठायलाही लागत नव्हतं.

तरी मी बारा रात्री ऐकत राहिले.

एक, दोन

नासिर दिवसपाळीवर आला होता. फजरला त्यानं आणि रुक्सानानं मला उजव्या कुशीवर केलं, तो वुजूला गेला, ती माझ्या पाठीमागे उशी सारखी करत होती. माझं तोंड भिंतीकडे. मी म्हटलं, "रुक्साना, तुझ्या हातानं काही झालेलं नाही. मी उठले होते. सहा रात्री. नमाजला."

तिचे हात थांबले. उशीवरून निघाले. मला ती दिसत नव्हती, मान वळवली तरी वरचं छतच दिसत होतं. ती रडते आहे की हसते आहे, की खोलीत आहेच की नाही, मला काही कळेना. मग पावलं वाजली, आणि मागचं दार.

नासिर नमाज पढून घाईनं कामावर गेला, त्याला वाटलं ती माझ्यापाशी आहे. मी तशीच. कबरीतल्यासारखी. उजेड भिंतीवर हळूहळू खाली उतरत गेला. घंटी पाठीमागे होती. पण आडवं राहायची इतकी भीती त्या दिवशी वाटली नाही, कारण पहिल्यांदाच मी तिथे का आहे ते मला ठाऊक होतं.

ती परत आली तेव्हा शेजारीण तिच्याबरोबर होती. दोघींनी मला पाठीवर केलं. शेजारीण गेल्यावर रुक्साना खाटेशी उभी राहिली.

"मी पोळी लाटताना हात बघत होते माजे," ती म्हणाली. "रोज. कुठल्या हातानं झालं म्हणून."

मी म्हटलं, "माफ कर."

"आन मला का नाय उठवलंत? मी वळवलं असतं. शिव्या दिल्या असत्या, पण वळवलं असतं."

"माहीत आहे."

"नाय माहीत तुमाला." तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. "माफ केलं असं मी आत्ता म्हणणार नाय. तोंडानं म्हणीन आन आत नसंल, तर काय फायदा? यांना मी सांगते. डॉक्टरला आन भाईजानला तुमी सांगा. आन पोरांना लिवा. मराठीत लिवा. मला वाचता आलं पायजे."

हे ते दुसरं कारण.

आता

डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे तेव्हा सांगितलं असतं तर दुसरी सुई टळली असती." गोळ्या तशाच चालू ठेवल्या. ऑपरेशन टळलं. त्या तीन आठवड्यांतल्या अठराव्या दिवशी डाव्या पायाचा अंगठा हलला. मला कळलं नव्हतं, रुक्सानानं आधी पाहिलं. आता पट्टा बांधून, वॉकर धरून मी मोरीपर्यंत जाते. उजवा पाय अजून ओढावा लागतो. खुर्चीवर वीस मिनिटं बसता येतं. सजदा पुन्हा कधी करता येईल असं डॉक्टरांना वाटत नाही.

तुमच्या अब्बांनाही सांगितलं. ते म्हणाले, "अम्मा, तुम्ही आजारी होतात. जाऊ दे." जाऊ दे हे दोन शब्द त्यांनी रुक्सानासाठी वापरले नव्हते. तुम्हालाही त्यांनी काही सांगितलं नाही असं दिसतं. त्यांच्यावर रागावू नका. गप्प बसायची ही सवय त्यांना कुणाकडून लागली ते तुम्ही आता वाचलंच आहे.

ही पानं तिनं काल वाचली. चुलीशी नव्हे, माझ्याच खाटेच्या कडेला बसून, बोट ओळीवर फिरवत. एका जागी थांबली. मी तिथे "आठ रात्री ऐकत राहिले" असं लिहिलं होतं.

"बारा," ती म्हणाली.

"तू मोजल्यास?"

"तुमीच मोजता काय फक्त?"

मी आठ खोडून बारा केलं. वर पाहा, लिहिलेलं आहे.

या रविवारी फोन कराल तेव्हा तो माझ्या हातात येईल, तसा तो नेहमीच येतो. मला "दादी कशी आहे" विचारू नका. फोन आधी चाचीला द्या म्हणा. काय बोलायचं ते मी सांगणार नाही, तुम्ही मोठे झाला आहात.

रात्री सव्वातीनला मोरीत पाणी वाजतं. मग ती डबा घेऊन येते, झाकण उघडते, मी मातीवर हात टेकवते. नासिर घरी असला तर डोळे चोळत तोही येतो, नसला तर शेजारीण बाहेरच्या खोलीत झोपायलाच आलेली असते. रुक्साना माझ्या खांद्याखाली हात घालते. माफ केलं असं तिनं अजून म्हटलेलं नाही. मी विचारतही नाही. मी हात छातीवर घट्ट धरते, मदत करत नाही, आणि ती म्हणते, एक, दोन, तीन.

तुमची,
दादी